अंग चोरणं : समकालीन नृत्य आणि आपलं शरीर

निरंजनी

'अंग चोरून बस गं जरा.' हे आईने मला पहिल्यांदा एसटीत सांगितलं. तिघांचं बाक, खिडकीशी आई, मधे मी आणि कडेला एक अनोळखी माणूस. मी दहा-अकरा वर्षांची असेन. तेव्हापासून गुडघे जुळवून, खांदे आत ओढून, पिशवी पोटाशी धरून बसायची इतकी सवय झाली की आज ४६व्या वर्षी अख्खं बाक रिकामं असलं तरी मी तशीच बसते.

मराठीत अंग चोरण्याचे दोन अर्थ आहेत. कामात अंग चोरतो तो आळशी, त्याला बोल लागतो. गर्दीत अंग चोरते ती वळणाची मुलगी, तिचं कौतुक होतं. गेली दोन वर्षं मी समकालीन नृत्याच्या, म्हणजे सगळे कंटेम्पररी म्हणतात त्या वर्गाला जाते आहे आणि तिथे या दुसऱ्या चोरीचा हिशेब हळूहळू लागायला लागलाय. म्हणून हा धागा.

लहानपणी पाच वर्षं भरतनाट्यम शिकले. अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धवट खाली, बसायला आणि पाय आपटायला जीव टाकायचे. बाराव्या वर्षी अंग भरायला लागलं तसं मला पुढच्या रांगेतून मागे नेलं. का ते विचारलं तर बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आरशात बघ म्हणजे कळेल." मी बघितलं आणि त्याच वर्षी क्लास सोडला. नंतर तीस वर्षं नाचले नाही, वरातीतसुद्धा नाही.

आताचा वर्ग एका शाळेच्या हॉलमध्ये भरतो. तिथे भिंतभर आरसा आहे. आमचे सर आल्या आल्या त्याच्यावर दोन चादरी टाकतात आणि मगच चपला काढतात.

पहिल्या दिवशी नाच नव्हताच. शहाबादी फरशीवर उताणं पडायचं. सर म्हणाले, "वजन जमिनीला द्या." मला वाटलं, दिलंच आहे की. मग ते एकेकाजवळ येऊन बसले. माझा उजवा हात मनगटाशी आणि कोपराखाली धरून वीतभर उचलला, हलकेच झुलवला आणि आपले हात काढून घेतले. माझा हात हवेत तसाच राहिला. मला पत्ताच नाही! "ताई, हात तुम्हीच धरलाय. मला द्या." पुन्हा उचलला, पुन्हा तेच. त्यांना भार नको म्हणून मी आपणहून उचलून धरत होते. चौथ्या रविवारी तो हात एकदाचा त्यांच्या तळव्यात पडला, सगळाच्या सगळा, आणि मला इतकं रडू फुटलं की शेजारच्या कॉलेजच्या पोरीने न बोलता तिची पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली.

सरांकडूनच नर्तकी चंद्रलेखांचं नाव कळलं आणि मग मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत, बघत सुटले. चंद्रलेखा (१९२८-२००६) जन्माने आपल्या वाड्याच्या, आजच्या पालघर जिल्ह्यातल्या. घर गुजराती, पुढचं आयुष्य मद्रासला. कांचीपुरम एल्लप्पा पिळ्ळै यांच्याकडे भरतनाट्यम शिकल्या. १९५२ साली त्यांचं अरंगेत्रम, म्हणजे रंगमंचावरचं पहिलं नृत्य, झालं ते आंध्रच्या रायलसीमेतल्या दुष्काळनिधीच्या मदतीसाठी. 'मथुरा नगरिलो' ही रचना करताना यमुनेचं भरून वाहणारं पाणी, पाण्यातल्या क्रीडा हे सगळं त्या हातांनी दाखवत होत्या आणि एकदम त्यांच्या डोळ्यांपुढे वर्तमानपत्रातली चित्रं आली: भेगाळलेली जमीन, हातात डबे घेऊन पाण्यासाठी रांगेत उभी माणसं. आपण कुणापुढे आणि कशासाठी हे पाणी दाखवतोय, हा प्रश्न त्यांना जन्मभर सुटला नाही.

मधे त्यांच्या नाचात मोठा खंड पडला. १९८४ साली मुंबईत मॅक्स म्युलर भवन या जर्मन सांस्कृतिक केंद्राच्या पुढाकाराने 'ईस्ट-वेस्ट डान्स एन्काउंटर' हे नृत्यसंमेलन झालं, तिथे त्या परत आल्या आणि १९८५ साली 'अंगिका' केलं. नाव बघा! 'आंगिकं भुवनं यस्य' हा श्लोक नाचाच्या प्रत्येक क्लासात म्हणतात. या बाईंनी त्यातला पहिलाच शब्द उचलला, देवादिकांच्या गोष्टी बाजूला ठेवल्या आणि माणसाचं अंग मधोमध आणून उभं केलं. भरतनाट्यम, योग आणि कळरिपयट्टू ही केरळची युद्धकला एकाच रंगमंचावर. कळरीतला वार चुकवणारा पाय आणि अरमंडीतला पाय हे एकमेकांचे सख्खे नातलग आहेत हे त्यात दिसतं.

नव्वदच्या सुमाराला त्यांनी 'श्री' केलं. त्यात बायका कंबरेत मोडल्यासारख्या, पाठीचा कणा वाकवून रंगमंचावरून जातात. ते बघताना मला पिशवी पोटाशी धरलेली मीच दिसले. त्यांचं काम सतत कण्यापाशी येतं. बाईचा कणा कोण वाकवतं आणि तो ताठ होताना कसा दिसतो.

तुमच्यापैकी कुणी हा नाच केलाय, पाहिलाय? शास्त्रीय शिकलेल्यांना काय वाटतं? मोकळेपणाने लिहा.

रानजाई

रुमाल टाकून ठेवते, सविस्तर नंतर. वाचता वाचता लक्षात आलं की माझे खांदे कानापर्यंत आले होते. खाली सोडले.

तत्कार

लेखन आवडलं, पण एक गोष्ट टोचली म्हणून लिहिते. मी अठ्ठावीस वर्षं कथक शिकवते आहे. शास्त्रीय म्हणजे आरसा आणि समकालीन म्हणजे मोकळं अंग, असं चित्र कृपा करून उभं करू नका. तुमच्या बाईंनी जे केलं त्याला माफी नाही, पण तो दोष त्यांचा. अरमंडीने तुमचं काही वाकडं केलं नव्हतं.

माझ्याकडे मुलगी तत्काराला, म्हणजे कथकच्या पदन्यासाला, उभी राहते तेव्हा पहिले दोन महिने एकच गोष्ट असते: अख्खा तळवा जमिनीला. पाय नीट पडला नाही की आवाज पोकळ येतो. 'वजन जमिनीला द्या' हे आम्ही कानाने तपासतो, घुंगरू बांधायच्या कितीतरी आधी. जाड मुलीचा तत्कार पुष्कळदा जास्त भरीव वाजतो, हे मी भर वर्गात सांगते आणि तिला पुढे उभी करते.

दुसरं, शरीराचा नवा विचार करायला परंपरा सोडावीच लागते असंही नाही. कथक नर्तकी कुमुदिनीबेन लाखियांचं उदाहरण घ्या (२०२५ साली गेल्या). १९७१ साली त्यांनी 'दुविधा' केलं. राधा नाही, अभिसारिका नाही, आपल्यासारखी एक मध्यमवर्गीय बाई, घरचं वळण आणि मनातली ओढ यांच्यात अडकलेली. कथकच्या पोशाखातली ओढणी त्यांनी काढून टाकली. त्या काळात त्यावरून किती बोललं गेलं असेल! सांगायचं एवढंच की त्यांनी हे सगळं कथकमध्ये राहून केलं.

आणि काळजीपोटी एक. दोन-चार कार्यशाळा केलेली मुलं 'मी माझं शरीर एक्स्प्लोर करतेय' म्हणून कार्यक्रम लावतात तेव्हा पोटात तुटतं. शोध घ्यायचा तर रोजचा रियाज हवाच.

निरंजनी

तत्कार, तुम्ही बरोबर पकडलंत. बारा वर्षांच्या मुलीने बाईंना आणि नाचाला एकच समजून दोन्ही सोडलं आणि मी आजही तेच करत होते. आवाजाचं लिहिलंत ते वाचून आज स्वयंपाकघरात अनवाणी चार वेळा तत्कार करून बघितला. टाच खरंच उचललेली असते माझी.

रियाजाबद्दल मात्र सांगते. आमच्याकडे पाठीवरून कुशीवर वळणं हे एकच आम्ही तीन महिने केलं. हाताने जमीन न ढकलता, पोट आवळून न घेता, आधी नजर, मग डोकं, मग खांदा, बरगड्या, कंबर असं एकामागून एक. दर वेळी कुठेतरी गाठ लागते. यालाही रियाजच म्हणायचं ना?

तत्कार

म्हणायचंच. तुमच्या सरांना नमस्कार सांगा.

ऱ्हाईनकाठ

मी जर्मनीत ड्यूसेलडॉर्फला राहतो, नाचातलं काही कळत नव्हतं. बायकोच्या आग्रहाने शेजारच्या वुपरटालला नृत्यरचनाकार पिना बाउशचं 'राइट ऑफ स्प्रिंग' बघायला गेलो. तिथे लोंबकळणारी रेल्वे आहे, रुळाखाली डबे टांगलेले, नदीवरून जाते. त्यात बसून कारखान्यांचं ते करडं गाव बघताना वाटलं, इथे कसला आलाय नाच.

नाच १९७५ सालचा आहे, संगीत स्ट्राविन्स्कीचं. रंगमंचावर सगळीकडे माती पसरलेली. त्या मातीत स्त्री-पुरुष धावतात, पडतात, उठतात. आम्ही पुढून तिसऱ्या रांगेत होतो. सुरुवातीला बायकांचे फिकट झगे स्वच्छ होते. वीस मिनिटांत घामाने माती अंगाला चिकटली, पोटऱ्या काळ्या, पाठी काळ्या, आणि श्वासांचा आवाज वाद्यांच्या वर ऐकू यायला लागला. बळी द्यायची मुलगी निवडली जाते, तिला लाल झगा घालतात आणि ती मरेपर्यंत नाचते. दमल्याचा अभिनय नव्हता तो. ती खरोखर दमली होती, आणि मी खुर्चीच्या दांड्या घट्ट धरून बसलो होतो.

पिना बाउश १९७३ पासून २००९ मध्ये जाईपर्यंत वुपरटाललाच काम करत होत्या. १९७८ साली त्यांनी 'कोन्टाक्टहोफ' केलं होतं, आणि २००० साली तेच नृत्य त्यांनी गावातल्या ६५ वर्षांवरच्या साध्या नागरिकांना घेऊन पुन्हा बसवलं. त्यातले कुणी नर्तक नव्हते. पुढे २००८ मध्ये तेच शाळकरी वयाच्या मुलांकडून. हालचाल तीच, पण सत्तरीच्या बाईने गालाला हात लावला की त्यातून काही वेगळंच बोललं जातं. तेव्हा ४६ म्हणजे काहीच नाही, निरंजनीताई.

भिंगरी

सगळ्यांचं वाचतेय, छान वाटतंय. पण प्रामाणिकपणे विचारते. भरतनाट्यममध्ये निदान गोष्ट कळते. कंटेम्पररीत एक जण हळूच कोपऱ्यातून येतो, दुसरा जमिनीवर पडलेला असतो, आणि शेवटी टाळ्या. अर्थ काय काढायचा?

प्रमेय

भिंगरी, मी गणिताचा शिक्षक, चाळीसगावकडचा. आमच्या पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवाने कोरवलेला शिलालेख आहे. चंद्रलेखांनी १९८९ साली 'लीलावती' नावाचं नृत्य केलं, भास्कराचार्यांच्या त्याच नावाच्या गणितग्रंथावर. त्यातली गणितं म्हणजे भुंग्यांचा थवा, तळ्यातले हंस. हे वाचल्यापासून मी सहावीच्या वर्गात अपूर्णांक शिकवताना मुलांना भुंगे करून उठवतो: एवढा हिस्सा त्या फुलाकडे, एवढा या फुलाकडे. मग राहिला किती, हे फळ्यावर मांडायच्या आधीच पोरं ओरडून सांगतात. त्यांच्या पायांना ते कळलेलं असतं. माझ्या मते नाचातला अर्थ असाच असतो. आधी अंगाला कळतो, शब्द मागून येतात, कधी येतही नाहीत.

भिंगरी

हे आवडलं. पुढच्या वेळी 'म्हणजे काय' न विचारता नुसतं बघेन.

मणका

फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून थोडं माझ्या बाजूने.

हात हवेत राहण्याचा प्रकार आम्ही रोज बघतो. स्नायूंचा ताण तपासताना रुग्णाचा हात आम्हीही तसाच हलवतो, आणि पुष्कळ माणसं नकळत 'मदत' करतात. कितीही सांगा, सोडत नाहीत. त्यामुळे निरंजनींनी लिहिलं तो अनुभव अगदी खरा आहे, मनाचे खेळ नव्हेत.

आता एक करून बघा. पावलांत थोडं अंतर ठेवून उभे राहा, गुडघे मागे ताणू नका, हात सोडा, डोळे मिटा. (वय जास्त असेल किंवा चक्कर येत असेल तर टेबलाजवळच, हाताशी आधार ठेवून.) काही करायचं नाही. मिनिटभरात जाणवेल की तुम्ही स्थिर नाहीच. घोटे सारखे सावरताहेत, वजन टाचेकडून चवड्याकडे आणि परत जातंय. साडेचार-पाच किलोचं डोकं मणक्यांच्या उतरंडीवर तोलून धरायचं काम अखंड चाललेलं असतं. आतला कान, डोळे, आणि स्नायू-सांध्यांमधून येणारी खबर यावर ते चालतं. या तिसऱ्या खबरीला प्रोप्रिओसेप्शन म्हणतात. मी रुग्णांना 'अंगाची जाण' म्हणून सांगते.

अमेरिकेतले नर्तक स्टीव्ह पॅक्स्टन यांनी या नुसत्या उभं राहण्यालाच 'छोटा नाच' म्हटलं होतं. १९७२ साली त्यांनी कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन सुरू केलं. दोघांनी एकमेकांवर वजन टाकायचं, घ्यायचं, घरंगळायचं, पुढे काय होईल ते आधी ठरवायचं नाही. तोल जाणार असं वाटलं की माणूस आवळून घेतो आणि म्हणूनच जोरात आदळतो. सैल पडायला शिकवणं हे त्या सगळ्याच्या मुळाशी आहे. पण हाडं ठिसूळ असणाऱ्यांनी हे जाणत्या माणसाशिवाय करू नये, ही विनंती.

ढोलकी

सगळं वाचलं. मला जे म्हणायचंय ते थोडं कडू आहे, पण म्हणतो. आमच्या घरात तीन पिढ्या ढोलकी आहे. माझं बालपण तमाशाच्या फडावर गेलंय.

अंग चोरायचं की नाही, हा प्रश्न पडायलाही एक जागा लागते. आमच्याकडच्या बायकांना तो कधी कुणी विचारलाच नाही. नऊवारी, पायात किलोंनी वजनाचे घुंगरू, आणि रात्रभर उभं अंग लोकांसमोर. त्यांच्या अंगावर टाळ्या-शिट्ट्या झाल्या आणि सकाळी त्याच अंगावरून त्यांना नावं ठेवली गेली. बऱ्या घरच्या मुली अंग मोकळं करायला पैसे भरून क्लासला जातात याचा मला राग नाही, चांगलंच आहे. पण आमच्या बायकांना वजन जमिनीला द्यायला कुणी शिकवलं नव्हतं. घुंगरांनी शिकवलं.

आणि लावणी म्हणजे नुसतं उड्या मारणं नव्हे. बैठकीची लावणी बघा. यमुनाबाई वाईकर (२०१८ साली गेल्या) बसून अदा करायच्या. बसलेली बाई, एक हात, एक भुवई. अंग जागचं हलत नाही आणि सगळी बैठक तिच्या हातात. समकालीन नृत्यवाल्यांनी शांत बसलेल्या अंगाचा विचार करायचा असेल तर आधी वाईला यावं.

निरंजनी

ढोलकी, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि लगेच उत्तर द्यायचं धाडस झालं नाही. आईने मला अंग चोरायला सांगितलं त्यात हेही होतंच: 'तसल्या' बायकांसारखं दिसू नये. हा शब्द आमच्या घरात सर्रास वापरला जायचा. माझं चोरलेलं अंग त्यांच्या बदनामीवर उभं होतं, हे मी आजवर असं मांडून बघितलं नव्हतं. तुम्ही लिहिलंत म्हणून दिसलं. यमुनाबाईंची बैठक पुढच्या रविवारी वर्गात सगळ्यांना दाखवणार आहे, सरांना विचारून ठेवलंय.

ढोलकी

दाखवा. आणि बघताना हाताकडे नका बघू, बसल्या जागी कंबर कशी आहे ते बघा.

कुबडी

पहिल्यांदाच लिहितोय. मला लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायात कॅलिपर, म्हणजे आधाराचा सांगाडा, असतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात मला दर वर्षी पडदा ओढायचं काम असायचं. त्यामुळे नाच म्हणजे पडद्याच्या पलीकडची गोष्ट, असं डोक्यात पक्कं.

मग कुठेतरी इंग्लंडच्या 'कॅन्डोको' या नृत्यसंस्थेचं नृत्य पाहिलं. सेलेस्ट डान्डेकर या तिथल्या नर्तकीला १९७३ साली रंगमंचावर पडून इजा झाली आणि चाकाची खुर्ची आली. १९९१ साली त्यांनी अ‍ॅडम बेंजामिन यांच्याबरोबर ही संस्था काढली, अपंग आणि सशक्त नर्तक एकत्र. त्यात खुर्ची म्हणजे अडचण नसते. ती फिरते, कलते, थांबते, तिची वळणं पायांना जमणार नाहीत अशी असतात.

आपल्याकडे नर्तक अस्ताद देबू (१९४७-२०२०). कथक आणि कथकली दोन्ही शिकलेले, मुंबईत राहायचे. कोलकाता आणि चेन्नईच्या कर्णबधिर मुलांबरोबर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. संगीत ऐकू न येणारी मुलं मोजणीवर, एकमेकांच्या नजरेवर अशी नाचायची की बघणाऱ्याला पत्ता लागू नये.

निरंजनी, मला अंग चोरणं वेगळ्या तऱ्हेने माहीत आहे. मी दारातून आत जाताना लोक बाजूला होतात, तेव्हा मी चोरतो. तुमच्या वर्गात माझ्यासारखा माणूस चालेल का?

निरंजनी

कुबडी, सरांना विचारलं. ते म्हणाले, "जमिनीवर येता येतं ना? मग झालं. नाही आलं तर आपण जमीन वर आणू, गाद्या आहेत." हॉल तळमजल्यावर आहे, बाहेर तीन पायऱ्या. तुम्हाला निरोप पाठवलाय, बघा.

रानजाई

रुमाल उचलायला आले. मणका यांचं उभं राहणं रोज करतेय, गॅसवर दूध ठेवलेलं असतं तेव्हा. डोळे मात्र उघडे ठेवून. निरंजनी, तो हाताचा प्रकार घरच्या कुणावर करून बघितलास का?

निरंजनी

रानजाई, केला. आईवर.

ती ७४ वर्षांची आहे. दुपारी आडवी झाली होती. म्हटलं, आई, हात दे, एक गंमत दाखवते. मनगटाशी आणि कोपराखाली धरून वीतभर उचलला, झुलवला, आणि माझे हात काढले. तिचा हात हवेत राहिला, बोटंसुद्धा जुळलेली, जशी ती ताट वाढताना धरते. मी म्हटलं, "आई, हात तूच धरलायस." ती म्हणाली, "नाही गं, तुला दिला की." मी मुकाट्याने पुन्हा उचलला.

रोज दुपारी पाच मिनिटं, असं नऊ दिवस केलं. दहाव्या दिवशी तिने विचारलं, "नीट धरलायस ना?" म्हटलं, धरलाय. मग मनगट सैल झालं, बांगड्या घरंगळून कोपराकडे आल्या आणि हात माझ्या हातात उतरला. कोपरापर्यंतच. खांदा अजून तिच्याकडेच आहे.

आज चहाचा कप ठेवल्यावर तिने आपणहून दुसरा हात पुढे केला.